सिंकखालचा पेला

शी! पुन्हा तो वास आला.

सकाळी खिडकी उघडली आणि नाकात भसकन धूर शिरला. ओलं लाकूड जळत असल्यासारखा, कडवट. समोरचा ब्लॉक अर्धा दिसत होता, त्याच्या मागचा मुळीच नाही. शेजारच्या देशात रान जाळतात, वारा फिरला की तो धूर आमच्या टॅम्पिनीस वसाहतीवर येऊन बसतो. इथे त्याला हेझ म्हणतात. किती नाजूक नाव! धूर आहे तो, सरळ धूर म्हणा की. घशात बसतो, वाळत घातलेल्या टॉवेलात बसतो, झाकून ठेवलेल्या वरणालासुद्धा त्याचा वास येतो. मी धडाधड सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

खिडक्या लावल्या की दुसरा वास सुरू होतो. आमच्यासारख्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीतच कचऱ्याची नळी असते. लोखंडी झाकण ओढायचं, पिशवी आत सोडायची, नऊ मजले खाली जाऊन ती धप्प पडते. सोय म्हणून उत्तम. पण त्या झाकणाच्या फटीतून मेली झुरळं येतात. आजही एक आलं, मिशा हलवत, आपल्याच घरी आल्याच्या तोऱ्यात. चपलेनं मारलं, मग चप्पल धुतली, मग हात धुतले, आणि मग पुन्हा एकदा हात धुतले.

मला किळस फार. लहानपणापासूनची खोड. "हिला देवानं नाक जरा जास्तच दिलंय," असं आई म्हणायची. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतल्या, टेबलावरचा पुसल्याचा ओला, चिकट डाग मला चालत नाही. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं की मी श्वास रोखून धरते. भाजी तीन पाण्यांतून काढते. आणि ह्या सगळ्याचा मला, खरं सांगायचं तर, अभिमान होता. स्वच्छ माणसाला असतो तसा.

सहा वर्षांपूर्वी असाच हंगाम आला होता. असाच धूर, असंच मास्क लावून फिरणं, आणि त्यात रेवाची परीक्षा. रेवा म्हणजे आमची एकुलती एक लेक, तेव्हा तेरा वर्षांची, सेकंडरी वनमध्ये, म्हणजे आपल्याकडची सातवी. नवरा मंदार आयटीवाला, तो घरातच कानाला हेडफोन लावून मीटिंगा करायचा. माझी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी, ग्राहकांनी दिलेली कागदपत्रं खरी की खोटी ते तपासायचं. हवा फारच बिघडली म्हणून मीही घरूनच काम करत होते. तीन आठवडे तिघं त्या बंद खोक्यात, वर एक एअर प्युरिफायर अखंड घरघरतोय.

रेवाच्या इतिहासाच्या पेपराला प्राचीन संस्कृती होत्या. हा माझा प्रांत! बँकेत कागद तपासते ते पोटासाठी. मुळात मी पुण्याची, प्राचीन इतिहासात एम.ए. केलेली. तिचं गाईड हातात घेतलं आणि डोकंच फिरलं. 'संस्कृतीची पाच लक्षणं.' शहरं, धान्याचा साठा, कामाची विभागणी, लिपी, राज्यव्यवस्था. प्रत्येक लक्षणाला दोन ओळी, एक उदाहरण, की मिळाले मार्क. हजारो वर्षं माणसानं माती कालवली, भाकरी भाजली, पोरं पुरली, आणि त्याचं ह्यांनी हे असं सुकं लोणचं घातलेलं. "हा काय इतिहास आहे?" मी म्हटलं. "हे तर वाण्याच्या दुकानातली यादी झाली."

"आई, एक्झॅमला हेच लिहायचं असतं लाह," रेवा म्हणाली, वाक्याला इथलं ते 'लाह'चं शेपूट जोडून.

मग मी तिला माझं उत्खनन सांगितलं. विद्यार्थी असताना एक हिवाळा आम्ही भीमेच्या काठी एका पांढरीच्या टेकाडावर काढला होता. पांढर म्हणजे जिथे पूर्वी गाव नांदून गेलं ती जागा. तिथली मातीच राखाडी-पांढरी असते, शेकडो चुलींची राख मिसळलेली. सकाळी थंडीनं बोटं वाकायची नाहीत. खड्ड्यात उकिडवं बसून ब्रशनं एकेक खापर मोकळं करायचं. आमचे सर धोतराचा सोगा खोचून काठावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "माणूस लिहितो त्यावर फार विश्वास ठेवू नका. तो टाकतो काय, आणि कुठे ठेवतो काय, ते बघा. उकिरडा खोटं बोलत नाही." आम्हांला एका घराच्या मागचा उकिरडाच सापडला होता. हाडं, फुटके रांजण, जळके हरभरे. माझ्यासारख्या नाकाच्या मुलीला त्या घाणीची मात्र किळस आली नाही. तीन हजार वर्षांनी घाणीचासुद्धा पुरावा होतो.

रेवा ऐकत राहिली. पोरगी तशी माझ्यासारखी, एकदा कान टवकारले की सोडत नाही. मग मी तिला मोहेंजोदडोची गटारं सांगितली. घराघरात न्हाणीघर, विटांची उतरती जमीन, तिथून पाणी गल्लीतल्या झाकलेल्या गटारात. "आपल्या लोकांनी," मी छाती फुगवून म्हटलं, "बाकीचं जग घाणीत लोळत होतं तेव्हा आपल्या लोकांनी हे केलं. गटारांवर काढता येतील अशी झाकणंसुद्धा होती, आत उतरून साफ करता यावं म्हणून."

"कोण उतरायचं?"

"म्हणजे?"

"साफ करायला. हू? पुस्तकात फक्त 'वेल मेंटेन्ड' लिहिलंय."

"असतील कामगार."

"त्यांच्या घरी पण न्हाणीघर होतं का?"

मी म्हटलं, एका बाजूला लहान-लहान दोन खोल्यांच्या घरांची रांग सापडली आहे, ती बहुधा त्यांची. ठाम सांगता येत नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, चला, मुलीला गोडी लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही.

शनिवारी आंटी लिम यायच्या. साठी उलटलेल्या, बारक्या, दोन ब्लॉक पलीकडे एकट्या राहायच्या. घर पुसायच्या, दोन्ही बाथरूम घासायच्या. बाथरूमला त्यांनी हात लावला की आरशासारखं लख्ख; मला हातमोजे घालूनसुद्धा तसं कधी जमलं नाही. काम झालं की मी त्यांना आलं घातलेला चहा द्यायची. त्यांना तो फार आवडायचा. "वाह, व्हेरी शिओक," म्हणायच्या, म्हणजे झकास. मी त्यांच्याशी चांगलं वागायची हो. दिवाळीला फराळाचा डबा, चिनी नववर्षाला संत्री, त्या धुराच्या दिवसांत मास्कचं अख्खं पाकीट. मैत्रिणींना सांगायची, आमच्या आंटी म्हणजे घरच्याच.

चहा त्या स्टीलच्या पेल्यातून प्यायच्या. पेला कुठून आला तेही सांगते. आपल्याकडे मुंजीत, बारशात स्टीलची भांडी वाटतात ना, नाव घातलेली? तसा तो मंदारच्या चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीतला. 'चि. सोहम याच्या मौंजीबंधनानिमित्त सप्रेम भेट', ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. सामानात पुण्याहून आला, येताना एका बाजूनं चेपला. आंटी पहिल्या दिवशी आल्या, चहा उकळला, आणि माझा हात वरच्या फळीवरच्या मगांकडे न जाता त्या चेपलेल्या पेल्याकडे गेला. कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई पुण्यात, आई पुण्यात. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चहा पिऊन झाल्यावर तो पेला मी वरच्या फळीवर ठेवला नाही, सिंकखाली ठेवला. फिनाइलच्या बाटलीशेजारी, पालथा.

मनाला मी समजावलं होतंच. आपलं शाकाहारी घर, त्या काय काय खातात, उगाच भांड्याला भांडं नको. आता लिहितानाही हे वाक्य किती सफाईनं उतरलं बघा. मंदार बाहेर सगळं खातो, अगदी डुक्करसुद्धा, आणि घरी येऊन माझ्याच मगातून चहा पितो.

त्या हंगामातल्या एका शनिवारी मला फोन आला म्हणून मी ओट्यापासून बाजूला झाले. चहा पातेल्यात तयार होता. आंटींनी हात पुसले आणि मगांच्या फळीकडे हात नेला. मी फोनवर बोलत होते, पण माझे डोळे त्या हातावर. हात वरच थांबला, क्षणभर. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली वाकल्या, सिंकखालून पेला काढला, चहा ओतून घेतला. नंतर स्वतःच घासला, स्वतःच परत तिथे पालथा घातला. आणि मला काय वाटलं? मला बरं वाटलं! हायसं वाटलं. झुरळाला चपलेनं मारणारी मी, मला त्या वेळी स्वतःची काडीमात्र किळस आली नाही.

रेवा तेव्हा डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. तिनं काय पाहिलं ते मी पाहिलं नाही.

परीक्षेबरोबर शाळेत एक प्रकल्प होता. घरातली एक वस्तू आणायची, आणि आपण हजार वर्षांनंतरचे उत्खनन करणारे आहोत असं समजून तिच्याबद्दल लिहायचं: ही कुठे सापडली, हिच्यावरून ते लोक कसे होते असं दिसतं. मार्क परीक्षेत धरणार होते. मी तर हरखूनच गेले. आजेसासूबाईंचा अडकित्ता ने, पुरणयंत्र ने, चांदीचं ताम्हन ने, मी तुला एकेकाचा इतिहास लिहून देते. "नाही, आय हॅव समथिंग," ती म्हणाली. "तू बघायला येशील ना?"

"येईन म्हणजे? बँक बुडाली तरी येईन."

शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. दारं-खिडक्या बंद, पालक मास्क लावून फिरतायत. कुणाचा राइस कुकर, कुणाच्या आजोबांचा मणी सरकवून हिशेब करायचा चिनी अबॅकस, कुणी एमआरटीचं, इथल्या मेट्रोचं, कार्ड आणलेलं. मी रेवाचं टेबल शोधत गेले, मान ताठ, फोन फोटो काढायला तयार. काळ्या कापडावर तो पेला होता.

शेजारी तिच्या अक्षरातलं इंग्रजी कार्ड. मी ते एकदाच वाचलं, पण आजही पाठ आहे. 'हा पेला घरातल्या इतर पेल्यांबरोबर सापडला नाही. तो खाली, साफसफाईच्या बाटल्यांजवळ सापडला. तो चांगला आहे, गळत नाही, तरी घरातलं कुणी त्यातून पीत नसे. यावरून दिसतं की ह्या घरात दोन प्रकारची माणसं होती. घरातली घाण जी साफ करत असे, ती ह्यातून पीत असे. पेल्यावर लेखन आहे. ते वाचता येतं. त्यात तिचं नाव नाही.'

मी फोन पर्समध्ये टाकला. बाजूला आणखी एक मराठी बाई उभी होती, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. तिनं कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "अगं बाई, आमच्याकडेही आहे तसा वेगळा. पण मुलं अशी चव्हाट्यावर आणतात का?" तिला मला धीर द्यायचा होता. किळस आली मला. तिची नव्हे, तिच्या त्या 'आमच्याकडेही'ची.

एवढ्यात रेवाच्या बाई आल्या. तरुण, चष्मा लावलेल्या, उत्साहानं फुललेल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीनं फार खोल विचार केलाय. मला तुम्हांला विचारायचंच होतं, हे खरं आहे का?

तीन हजार वर्षांपूर्वीचं खापर हातात धरून मी खरं काय ते सांगायला शिकले होते. रोज बँकेत लोकांचे कागद खरे की खोटे ते सांगत होते. आणि मी हसून म्हटलं, "छे हो. तो तुळशीला पाणी घालायचा पेला आहे. आमच्याकडे पूजेचं झाड असतं ना, त्याचा. म्हणून वेगळा."

बाईंनी रेवाकडे पाहिलं. "रेवा? इज दॅट सो?"

रेवानं माझ्याकडे पाहिलं. मास्क होता म्हणून फक्त डोळे दिसत होते. ती रडली असती तर बरं झालं असतं, भांडली असती तर आणखी बरं. ती इतकंच म्हणाली, "येस, मिस. फॉर द प्लांट."

बाईंचा चेहरा जरा उतरला. मग सावरून म्हणाल्या, असं होतं, पुरावा चुकीचा वाचला जातो, खऱ्या संशोधकांकडूनही होतं. रेवानं कार्ड उचललं, दुमडलं, खिशात घातलं. त्या प्रकल्पात तिला वर्गात सगळ्यांत कमी मार्क पडले, निष्कर्ष पुराव्याला धरून नाही म्हणून. माझ्या मुलीनं माझ्यासाठी खोटं बोलून स्वतःचं खरं उत्तर चुकीचं ठरवून घेतलं.

घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली. मी मात्र बडबडत होते. घरातल्या गोष्टी घरात ठेवाव्यात, तुला काय कळतं, मी आंटींसाठी किती करते. घरात शिरल्याशिरल्या तो पेला तिच्या पिशवीतून काढला, नळीचं झाकण ओढलं आणि आत सोडला. नऊ मजले तो ठणठणत गेला. प्रत्येक मजल्यावर भिंतीला आपटत, सावकाश, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जावं असा. मंदारनं हेडफोन काढून विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही.

त्याच संध्याकाळी हात धुताना मला तो हिवाळा आठवला. टेकाडावर दोन माठ होते. एक आमचा, विद्यार्थ्यांचा, लिंबाखाली, वर पितळी ओगराळं. दुसरा खड्ड्यापाशी, माती उपसणाऱ्या मजुरांचा, उन्हात. तीन महिने आम्ही तिथे माणसाच्या समाजाचा उगम शोधत होतो, आणि पन्नास पावलांवरचे दोन माठ कुणाच्या वहीत गेले नाहीत. सरांच्याही नाही. सगळे आम्ही कोरडे पाषाण.

पुढच्या शनिवारी आंटी आल्या. बाथरूम घासलं, फरशी पुसली. मी चहा केला आणि आमचा चांगला, निळ्या फुलांचा मग काढून ओट्यावर ठेवला. त्या सवयीनं सिंकखाली वाकल्या. चाचपलं, बाटल्या बाजूला केल्या, मग उठल्या.

"रेवा मार्क गुड ऑर नॉट?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. मग कळलं. रेवानं पेला नेण्याआधी त्यांची परवानगी घेतली होती. तुमचा पेला शाळेत नेऊ का, असं त्यांना विचारलं होतं, कशासाठी तेही सांगितलं होतं. मला नाही, त्यांना. पेला त्यांचा म्हणून.

"गुड," मी म्हटलं. "व्हेरी गुड."

"वाह," त्या खुलल्या. "क्लेव्हर गर्ल." मग त्यांनी निळ्या मगाकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं समजल्या असाव्यात. "नो नीड लाह," म्हणाल्या, अगदी शांतपणे, आणि आपल्या कापडी पिशवीतून झाकणाचा एक थर्मास काढून त्यातलं गरम पाणी प्यायल्या. तो त्यांनी घरूनच आणला होता. पुढे वर्षभर, गुडघे थकेपर्यंत, त्या आमच्याकडे येत राहिल्या. चहा मी दर शनिवारी विचारला. माझ्या घरातल्या भांड्याला त्यांनी पुन्हा तोंड लावलं नाही. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, किळस दुसऱ्या बाजूनंही येऊ शकते.

ह्या शहरात कचरा पुरत नाहीत, जाळतात, आणि राख समुद्रातल्या एका बेटावर नेऊन टाकतात. म्हणजे हजार वर्षांनी कुणी टॅम्पिनीस खणलं तरी तो पेला काही सापडायचा नाही. सर असते तर त्यांना सांगितलं असतं, उकिरडासुद्धा गप्प करता येतो.

धूर आला म्हणून काल रेवा हॉस्टेलवरून घरी आली. एकोणीस वर्षांची झाली, इतिहासच शिकते. घसा बसलेला, डोळे लाल. मी तिला जवळ घेतलं, तिनं घेऊ दिलं. आम्ही चांगलं बोलतो हल्ली, हसतोसुद्धा. मी म्हटलं, आलं घालून चहा टाकते. "टाक ना," म्हणाली.

चहा झाला. मी वरच्या फळीवरून निळ्या फुलांचा मग काढला. तोवर तिनं पिशवीतून स्वतःचा झाकणाचा टंबलर काढून ओट्यावर ठेवला होता. "ह्यातच दे."

आजकालची सगळीच मुलं स्वतःचं भांडं घेऊन फिरतात. पर्यावरण वगैरे. मी चहा ओतला. तिनं सावकाश प्यायला, मग टंबलर स्वतः घासला, पुसला, आणि परत पिशवीत ठेवला. मी कपडे घडी करत बघत होते. प्रश्न अगदी जिभेवर आला होता, पण विचारला नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं.